मोत्या का खाजवतो?

(कुत्रा हा माणसाचा फार जुना सोबती आहे. तो घराची, शेताची आणि शेळ्यामेंढ्यांची राखण करतो. पण त्याला काही त्रास झाला तर तो बोलून सांगू शकत नाही. कुत्र्याच्या अंगावर उवा का होतात, त्या कशा ओळखाव्यात आणि त्यांवर कोणते उपाय करावेत, याची माहिती या पाठात दिली आहे.)

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वलगाव हे गाव आहे. गावाजवळून पेढी नदी वाहते. सभोवती काळी जमीन आहे. कपाशी, तूर, सोयाबीन ही इथली पिके. अशा गावात गल्लोगल्ली कुत्रे असतातच. कोणी शेत राखण्यासाठी कुत्रा पाळतो, कोणी शेळ्या राखण्यासाठी. काही घरांत कुत्र्याला आत येऊ देत नाहीत. पण अंगणाबाहेर त्याच्यासाठी भाकरीचा तुकडा मात्र रोज ठेवतात. समजा, अशाच एका कुत्र्याचे नाव मोत्या आहे.

हिवाळ्याचे दिवस आहेत. मोत्या उन्हात बसला आहे. पण त्याला स्वस्थता नाही. तो मागच्या पायाने कान खाजवतो, दातांनी पाठ चावतो, भिंतीला अंग घासतो. मानेवरचे केस गळले आहेत. लोक त्याच्याकडे पाहतात आणि आपापले मत सांगतात. कोणी म्हणतो, “याला खरूज झाली.” कोणी म्हणतो, “हा पिसाळलेला दिसतो. हाकला याला!” पण त्याचे केस बाजूला सारून कोणी पाहत नाही. पाहिले असते, तर खाजेचे खरे कारण कळले असते. मोत्याच्या अंगावर उवा झाल्या आहेत.

ऊ हा सहा पायांचा लहानसा कीटक आहे. उर्दूत तिला ‘जूँ’ म्हणतात. ती साधारण तिळाएवढी असते. तिचे शरीर वरून दाबल्यासारखे चपटे असते. तिला पंख नसतात. तिला उडता येत नाही आणि उडीही मारता येत नाही. पायांच्या नख्यांनी केस घट्ट धरून ती सावकाश चालते. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या वस्तूंवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात माणसाच्या डोक्यातील उवेचे घडी घालावी लागेल एवढे मोठे चित्र आहे. त्या चित्रातील उवेने एक केस पायांत पकडलेला आहे. केस धरून राहणे हाच उवेचा स्वभाव!

कुत्र्याच्या अंगावर उवांचे दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारच्या उवा चावणाऱ्या असतात. त्यांचे डोके रुंद असते. त्या कातडीवरील कोंडा, मृत त्वचा आणि जखमेतून आलेला स्राव खातात. दुसऱ्या प्रकारच्या उवा रक्त शोषणाऱ्या असतात. त्यांचे डोके अरुंद व टोकदार असते. रक्त शोषणाऱ्या उवा फार झाल्या, तर लहान पिल्ले अशक्त होतात. त्यांच्या हिरड्या फिक्या पडतात.

आपल्या देशातील कुत्र्यांवर आढळणाऱ्या एका चावणाऱ्या उवेची गोष्ट मोठी मजेदार आहे. तिचे शास्त्रीय नाव हेटेरोडॉक्सस स्पिनिजर असे आहे. या उवेचे बहुतेक नातलग ऑस्ट्रेलियातील कांगारूसारख्या प्राण्यांच्या अंगावर राहतात. शास्त्रज्ञ असे मानतात, की ही ऊ तिकडच्या एखाद्या प्राण्यावरून कुत्र्याच्या अंगावर आली आणि कुत्र्यांबरोबरच जगातील उष्ण प्रदेशांत पसरली. जिला स्वतःला उडता येत नाही, ती ऊ अशा रीतीने कुत्र्याच्या पाठीवर बसून समुद्र ओलांडून आली!

उवा, पिसवा आणि गोचीड यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. औषध देण्यापूर्वी हा फरक ओळखता आला पाहिजे. पिसू, म्हणजे उर्दूतील ‘पिस्सू’, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते. ती तुरुतुरु पळते आणि लांब उडी मारते. पूर्ण वाढलेल्या गोचिडाला आठ पाय असतात. तो कातडीत तोंड रुतवून एकाच जागी चिकटून राहतो. रक्त पिऊन तो एरंडाच्या बीसारखा फुगतो. ऊ मात्र फुगत नाही आणि उडी मारत नाही. ती केसांच्या मुळाशी हळूहळू चालताना दिसते.

उवेची अंडी म्हणजे लिखा. लीख हा शब्द उर्दूतही आहे. मादी आपली अंडी एका प्रकारच्या डिंकाने केसाला चिकटवते. लिखा पांढऱ्या असतात. त्यामुळे त्या कोंड्यासारख्या दिसतात. पण कोंडा झटकला की पडतो. लीख झटकून पडत नाही. ती केसावरून नखाने ओढून काढावी लागते. पांढरा कण कोंड्याचा की लिखेचा, हे ओळखण्याची ही सोपी खूण आहे.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. एक पांढरा कागद घ्यावा. कुत्र्याला त्यावर उभे करून बारीक दातांच्या फणीने त्याचे केस विंचरावेत. कान, मान, पाठ आणि शेपटीचे मूळ या ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. कागदावर पडलेले कण थोडा वेळ पाहत राहावे. त्यांतील काही कण चालू लागले, तर त्या उवा आहेत असे समजावे. काळे कण पडले, तर त्यांवर पाण्याचे थेंब टाकावेत. पाणी तांबडे झाले, तर ती पिसवांची विष्ठा असते. पिसवा रक्त पितात, म्हणून तो रंग येतो. ही परीक्षा आपल्या ओळखीच्या, शांत कुत्र्यावरच करावी आणि त्या वेळी घरातील मोठे माणूस जवळ असावे.

मोत्याला उवा कोठून लागल्या? उडता न येणारा कीटक दुसरीकडे जातो तो केवळ स्पर्शाने. थंडीत कुत्रे एकमेकांना चिकटून झोपतात. पिल्ले आईच्या कुशीत दाटीने राहतात. एकाच पोत्यावर दोन कुत्रे झोपतात. एकाच फणीने दोन कुत्र्यांचे केस विंचरले जातात. अशा वेळी उवा एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातात. हिवाळ्यात त्यांचे प्रमाण वाढते. निरोगी कुत्रा आपले अंग चाटून व चावून स्वच्छ ठेवतो. आजारी, म्हातारा किंवा उपाशी कुत्रा हे करू शकत नाही. म्हणून अशा कुत्र्यावर उवा जास्त होतात. उवा दिसल्या, तर त्याला पुरेसे अन्न मिळते का, पोटात जंत आहेत का, याचाही विचार करावा.

आता एका महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळू. मोत्याच्या उवा माणसाला लागतात का? नाही. निसर्गात प्रत्येक उवेचे घर ठरलेले असते. कुत्र्याची ऊ कुत्र्यावर जगते, शेळीची शेळीवर आणि कोंबडीची कोंबडीवर. माणसाच्या डोक्यातील ऊ माणसाच्याच डोक्यात जगते. कुत्र्याच्या अंगावरून खाली पडलेली ऊ काही दिवसांतच मरते. एखादी ऊ चुकून आपल्या हातावर चढली, तरी ती तेथे वस्ती करू शकत नाही. त्यामुळे घरातील लहान बहिणीच्या डोक्यात उवा झाल्या, तर त्याचा दोष मोत्यावर ठेवू नये. त्या उवा दुसऱ्या माणसाच्या डोक्यातून आलेल्या असतात. त्यांवरचा उपायही वेगळा असतो.

तरीही स्वच्छतेकडे दुर्लक्ष करू नये. कुत्र्याच्या आतड्यात एक प्रकारचा पट्टकृमी राहतो. त्याची अंडी पिसवांच्या आणि काही वेळा चावणाऱ्या उवांच्या शरीरात जातात व तेथे वाढतात. कुत्रा अंग चावताना ती पिसू किंवा ऊ गिळतो आणि कृमी त्याच्या पोटात पोचतो. लहान मुलाने चुकून अशी पिसू किंवा ऊ गिळली, तर त्याच्याही पोटात हा कृमी होऊ शकतो. असे क्वचितच घडते. पण कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुतले, तर ही भीती उरत नाही.

खाजवणारा, केस गळालेला कुत्रा दिसला की काही लोक त्याला पिसाळलेला समजतात आणि दगड मारतात. ही समजूत चुकीची आहे. अंगावर उवा असलेला कुत्रा अन्न खातो, पाणी पितो, ओळखीच्या माणसाला पाहून शेपटी हलवतो. पिसाळलेल्या कुत्र्याचे वागणे एकाएकी बदलते. तो कारण नसताना चावतो किंवा अंधारात लपून बसतो. त्याचा आवाज घोगरा होतो, जबडा लोंबतो, तोंडातून लाळ गळते, चालताना तोल जातो. असा कुत्रा थोड्याच दिवसांत मरतो. त्याच्या जवळ मुळीच जाऊ नये. मोठ्या माणसांना सांगावे. कोणताही कुत्रा चावला, तर जखम लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. जखमेवर हळद, तिखट किंवा चुना लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

आता उपचारांकडे वळण्यापूर्वी काय करू नये, ते नीट लक्षात ठेवू. आपला वऱ्हाड कपाशीचा मुलूख आहे. त्यामुळे कीटकनाशकांच्या बाटल्या पुष्कळ घरांत असतात. “बोंडअळी मरते, मग ऊ का मरणार नाही?” असे म्हणून कोणी तेच औषध पाण्यात मिसळून कुत्र्याच्या अंगावर ओततो. ऊ मरते हे खरे. पण कुत्र्याचाही जीव जाऊ शकतो. हे विष कातडीतून शरीरात शिरते. शिवाय कुत्रा आपले अंग चाटतो, तेव्हा ते त्याच्या पोटात जाते. मग त्याच्या तोंडाला फेस येतो, अंग थरथरते, झटके येतात. ओतणाऱ्या माणसालाही धोका असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. काहींना प्राण गमवावे लागले. जे विष मोकळ्या शेतातही माणसाला घातक ठरते, ते मुक्या जिवाच्या अंगाला चोळणे किती धोक्याचे आहे!

कीटकनाशकाच्या बाटलीवर एक चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या भागाला रंग दिलेला असतो. लाल रंग म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे फार विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे थोडे विषारी. हिरवा रंग पाहून ते औषध जनावराच्या अंगाला चालेल, असे समजू नये. शेताचे औषध शेतासाठीच असते. 

रॉकेल, डिझेल आणि फिनाईल यांचाही वापर करू नये. त्यांनी कातडी भाजल्यासारखी होते. पूर्वी काही लोक गॅमेक्सिनची पावडर कुत्र्याच्या अंगाला लावत. तिच्यातील बीएचसी हे कीटकनाशक मातीत आणि शरीरात दीर्घकाळ टिकून राहते. १९९७ मध्ये भारतात त्यावर बंदी घालण्यात आली. असे काही चुकून कुत्र्याच्या अंगावर पडले, तर मोठ्या माणसाने हातमोजे घालून त्याला साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावे आणि ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. जाताना ती बाटलीही बरोबर न्यावी.

मग योग्य उपाय कोणता? सर्वप्रथम मोत्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. आपल्याकडे लोक त्याला ‘ढोरांचा दवाखाना’ म्हणतात. पण तेथे गायी-म्हशींप्रमाणेच कुत्र्यांवरही उपचार होतात. डॉक्टर कुत्र्याचे वय, वजन आणि प्रकृती पाहून औषध ठरवतात. उवांसाठी फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन यांसारखी औषधे मानेच्या मागे कातडीवर थेंब टाकून वापरतात. काही औषधे फवारण्याची, काही अंघोळीची, तर काही पोटात देण्याची असतात. लहान पिल्लांना व गाभण कुत्रीला सर्वच औषधे चालत नाहीत. परमेथ्रिनसारखे कुत्र्याला चालणारे औषध मांजरीचा जीव घेऊ शकते. म्हणून एकाचे औषध दुसऱ्याला देऊ नये.

औषधाबरोबर घरची मेहनतही हवी. केसांचा गुंता झाला असेल, तर तेवढे केस कापून टाकावेत. मोत्याला दुपारच्या उन्हाच्या वेळी कोमट पाण्याने अंघोळ घालावी आणि अंग कोरडे करावे. कातडीवर लावलेल्या औषधाच्या आधी-नंतर किती दिवस अंघोळ घालू नये, हे डॉक्टरांना विचारावे. रोज फणीने केस विंचरून उवा व लिखा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. मोत्याबरोबर राहणाऱ्या सर्व कुत्र्यांना एकाच वेळी औषध द्यावे. एकाला वगळले, तर त्याच्या अंगावरील उवा पुन्हा सर्वांवर पसरतात.

इतके केल्यावर दोन-चार दिवसांत मोत्याची खाज कमी होते. घरातील माणसे म्हणतात, “झाला बरा!” आणि पुष्कळांची चूक होते ती येथेच. बहुतेक औषधांनी उवा मरतात. लिखा मरत नाहीत. लीख एक ते दोन आठवड्यांत फुटते आणि तिच्यातून पिल्लू बाहेर पडते. हे पिल्लू तीन वेळा कात टाकते आणि साधारण दोन आठवड्यांनी मोठे होऊन अंडी घालू लागते. आता हिशेब करून पाहा. समजा, १ तारखेला औषध दिले. त्या दिवशी केसांवर असलेल्या सर्व लिखा १५ तारखेपर्यंत फुटलेल्या असतील. पण त्यांतून निघालेल्या पिल्लांनी अजून अंडी घालायला सुरुवात केलेली नसेल. म्हणून १५ तारखेच्या सुमारास औषधाची दुसरी पाळी दिली, तर ती सर्व पिल्ले मरतात आणि नव्या लिखा तयार होत नाहीत. ही पाळी चुकवली, तर महिन्याभरात मोत्या पुन्हा खाजवू लागतो. लोक म्हणतात, “औषध खोटे होते.” औषध खोटे नसते, उपचार अर्धवट असतो. दुसरी पाळी नेमकी केव्हा द्यावी आणि तिसरीची गरज आहे का, हे डॉक्टर सांगतात.

मोत्याची झोपण्याची जागाही स्वच्छ करावी. त्याचे पोते गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवावे. फार जुने झाले असेल, तर टाकून द्यावे. जमीन झाडून काढावी. स्वच्छतेची गोष्ट निघाली, की वलगावच्या माणसांना कोणाची आठवण होते, हे सांगायला नको. हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडणारे संत गाडगे महाराज यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातच झाला. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात त्यांचे निधन झाले. ते दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनातून लोकांना साध्या भाषेत प्रश्न विचारत. देवापुढे मुक्या जनावरांचा बळी देऊ नका, त्यांना अभय द्या, असे ते कळकळीने सांगत.

मुक्या प्राण्यांना छळणे हा कायद्यानेही गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० साली झाला. सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे भारताच्या संविधानात प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे.

मुलांनो, तुमच्या गल्लीतही एखादा मोत्या असेल. तो खाजवताना दिसला, तर त्याच्याकडे पाठ फिरवू नका आणि त्याला दगडही मारू नका. घरातील मोठ्यांना सांगा, त्याला दवाखान्यात नेण्याची गळ घाला. आणि औषधाची पहिली पाळी झाली, की घरच्या कॅलेंडरवर दुसऱ्या पाळीच्या तारखेला एक ठळक खूण करून ठेवा. मोत्याला तारीख वाचता येत नाही. ती आपणच लक्षात ठेवायची असते.

शब्दार्थ

सोबती – साथीदार, मित्र
राखण करणे – रक्षण करणे
स्वस्थता – शांतता, चैन
घोटाळा होणे – गोंधळ होणे
स्राव – जखमेतून वाहणारा द्रव
विष्ठा – शरीराबाहेर टाकलेला मळ
पट्टकृमी – पट्टीसारखा लांब जंत
घातक – जीव घेणारे, नाश करणारे
गाभण – पोटात पिल्लू असलेली (मादी)
पाळी – खेप, वेळ
कात टाकणे – अंगावरील जुने आवरण टाकणे
खराटा – काड्यांचा मोठा झाडू
अभय – भीतीपासून सुटका
गळ घालणे – आग्रह करणे

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वलगावजवळून कोणती नदी वाहते?
(आ) लीख आणि कोंडा यांतील फरक कसा ओळखावा?
(इ) उवा एका कुत्र्यावरून दुसऱ्या कुत्र्यावर कशा जातात?
(ई) कोणताही कुत्रा चावल्यास सर्वप्रथम काय करावे?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) उवा झालेला कुत्रा आणि पिसाळलेला कुत्रा यांत कोणता फरक असतो?
(आ) शेतातील कीटकनाशक कुत्र्याच्या अंगाला का लावू नये?
(इ) औषधाची दुसरी पाळी का द्यावी लागते? पाठातील तारखांच्या आधारे लिहा.

प्र. ३. रिकाम्या जागा भरा.
(अ) पूर्ण वाढलेल्या गोचिडाला ........ पाय असतात.
(आ) कुत्र्याची ऊ ........ डोक्यात जगत नाही.
(इ) कीटकनाशकाच्या बाटलीवरील ........ रंग म्हणजे अत्यंत विषारी.

प्र. ४. पुढील शब्दांचे अनेकवचन लिहा.
ऊ, लीख, पिसू, बाटली, कुत्रा

प्र. ५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
पाठ फिरवणे, दुर्लक्ष करणे, गळ घालणे, प्राण गमावणे

प्र. ६. ‘ऊ’, ‘लीख’, ‘पिसू’ यांसारखे मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत सारखे किंवा जवळचे असलेले आणखी पाच शब्द शोधा व लिहा.

उपक्रम : तुमच्या गावातील पशुवैद्यकीय दवाखान्याला शिक्षकांबरोबर भेट द्या. तेथे कोणकोणत्या प्राण्यांवर उपचार होतात, याची माहिती विचारा आणि दहा ओळींत लिहा.